बिडाच्या पाइपाला अस्तर

दुपारची गर्दी अगदी भरात होती आणि माझ्या मोरीची जाळी गुडगुड करायला लागली. मी चुलीपाशी होते, लक्ष नव्हतं. पायाला गार लागलं म्हणून खाली बघते तर काळं पाणी! त्यात केस, कापसाचे बोळे, दोऱ्यांचे गुंते, काय काय नव्हतं! बाहेर माणसं जेवतायत आणि आत मी खराटा घेऊन पाणी ढकलतेय. तळपायाची आग मस्तकात गेली, तीही ओल्या तळपायाची.

आमची खाणावळ एका जुन्या व्यापारी इमारतीच्या तळमजल्यावर आहे. आमच्यावर दातांचा डॉक्टर, त्याच्यावर बायकांचे केस कापणारी, तिच्या शेजारी शिंपी, आणि सगळ्यात वर एक कचेरी. या सगळ्यांचं हात धुतल्याचं, चुळा भरल्याचं, डोकी धुतल्याचं पाणी भिंतीतल्या पाइपांतून खाली येतं आणि माझ्या फरशीखालच्या एका जाड बिडाच्या पाइपात पडून रस्त्यावरच्या चेंबरला जातं. पाइप इमारतीएवढाच म्हातारा. तो तुंबला की वरच्यांना पत्ताही लागत नाही. पाणी सगळ्यात खाली जिथे तोंड दिसेल तिथून वर येणार, आणि सगळ्यात खाली कोण? मी!

इमारतीचा व्यवस्थापक नाकाला रुमाल लावून आला. दारातूनच म्हणाला, "तुमच्या तेलामुळे होतंय हे."

"तेलामुळे? मग हे केस काय मी तळते?"

त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आवाज मात्र खाली आणला. म्हणाला, "बाई, स्पष्टच सांगतो. आता एकदा जरी पाणी वर आलं तर फरशी फोडून पाइप बदलावा लागणार. काम कित्येक महिने चालेल, तोवर जागा रिकामी. आणि नंतर ती तुम्हालाच मिळेल असं समजू नका. मालक म्हणतात, तिथे गोदाम केलेलं बरं."

गोदाम! जिथे मी अर्ध्या बाजाराला जेवू घातलं, जिथल्या बाकड्यावर माझी लेक पाढे पाठ करत वाढली, तिथे हे खोकी रचणार! मला माहीत होतं, इथून उठवलं तर या वयात मी दुसरीकडे चूल मांडणार नाही. मांडता येणारच नाही. गल्ल्यावर आमचे हे बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले. यांचं सगळं असंच असतं. घराला आग लागली तरी आधी चष्मा पुसतील.

आता गंमत बघा. माझा जावई ड्रेनेजचीच कामं करतो. हॉटेलं, दवाखाने, मोठमोठ्या कचेऱ्या, जिथे जिथे जुन्या लाइनी कुजल्यात तिथे त्याला बोलावतात. आणि मी इथे खराटा घेऊन उभी! कारण जावईबापूंनी कानाला खडा लावलेला, नातेवाइकांच्या लाइनीला हात लावायचा नाही. एकदा म्हणे आपल्या आत्याकडे ते चेंबरमध्ये डोकं घालून बसले होते. आत्याला बजावून ठेवलं होतं, मी सांगेपर्यंत नळ उघडू नका. आत्याने विचार केला, एवढंसं तर पाणी आहे. आणि तेवढंसं पाणी, त्यात जे काही होतं त्याच्यासकट, भाच्याच्या डोक्यावर आलं. तेव्हापासून ते म्हणतात, गिऱ्हाईक ऐकतं, नातेवाईक ऐकत नाही.

मी फोन केला. ते म्हणाले, "आई, मी दुसरा चांगला माणूस देतो."

"मला दुसरा नको. दुसऱ्याची खाणावळ जाणार नाहीये, माझी जाणार आहे." आणि मला रडू आलं. मी रडत नाही हो सहसा, रडवते.

मग पलीकडे लेकीचा आवाज आला, ती त्यांना काहीतरी बोलली. काय बोलली ते विचारलं नाही, पण माझीच लेक आहे ती. दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू गाडीत यंत्रं भरून दारात हजर. सोबत त्यांचा जोडीदार, एक जाडजूड, हसतमुख गृहस्थ.

"एकच अट," जावईबापू म्हणाले. "काम चालू असताना इथे माझं ऐकायचं."

"ऐकेन," मी म्हटलं. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की विचारू नका.

आधी त्यांनी पाण्याच्या जोराने लाइन धुतली. मग लांब वायरीच्या टोकाला लावलेला कॅमेरा आत सोडला आणि मला पडद्यापाशी बोलावलं. आयुष्यभर ज्याच्यावर उभी राहिले त्याचं पोट मी पहिल्यांदाच बघत होते. आत गंजाचे नुसते पोपडे. चुलीच्या भिंतीखाली तर पाइपाचा तळच खाल्ला गेला होता, खालची माती दिसत होती. आणि मोरीचं पाणी जिथे पडतं त्या वळणावर पिवळट पांढरा थर, एवढं धुऊनही चिकटून राहिलेला.

"ही चरबी," जावईबापू म्हणाले. "ही मात्र आपली."

"शक्यच नाही!" मी उसळलेच. "रोज खाणावळ बंद करताना पातेलंभर उकळतं पाणी ओततो आम्ही मोरीत. एक दिवस चुकलेलं नाही. हे स्वतः ओततात. विचारा त्यांना!"

हे छताकडे बघायला लागले.

"उकळत्या पाण्याने चरबी जात नाही, आई. वितळते, पुढे वाहते आणि गार झाली की पुढे कुठेतरी बसते," जावईबापू म्हणाले. मग पडद्याकडे बघत स्वतःशीच पुटपुटले, "पण ही तर तोंडापाशीच बसलीय. हिला गरम पाणी लागल्यासारखं दिसत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं म्हणालात?"

जोडीदार खोकला आणि गाडीतून काहीतरी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकला. जावईबापूंनी विषय सोडला. शहाणा माणूस आहे, लेकीने उगीच नाही निवडला.

त्यांनी उपाय सांगितला तो असा. फरशी फोडायची नाही. जाड कापडाची एक लांबलचक पिशवी रसायनात भिजवायची, ती चेंबरकडून पाइपात सरकवायची आणि हवेने फुगवायची, म्हणजे ती आतून पाइपाला घट्ट बसते. मग तिच्यातून गरम पाणी फिरवायचं. त्या उष्णतेने कापड कडक होतं आणि जुन्या पाइपाच्या पोटात नवा पाइप तयार. मला यातलं निम्मंच कळलं. पण शिंपी ऐकत उभा होता, तो म्हणाला, "कळलं! कोट जुना, अस्तर नवं." झालं, तेव्हापासून सगळी इमारत त्याला अस्तरच म्हणायला लागली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची होती. अस्तर सलग असतं. वरून येणाऱ्या पाइपांची तोंडं त्याच्यामागे बुजून जातात. म्हणून आधी प्रत्येक तोंड कुठे आहे ते मोजून ठेवायचं आणि अस्तर कडक झालं की आतून यंत्र घालून तेवढी भोकं कापायची. एखादं तोंड राहिलं तर ते कायमचं बंद, आणि त्याचं पाणी माघारी येणार. कुठे? पुन्हा माझ्याच स्वयंपाकघरात.

व्यवस्थापकाने मालकांना विचारून रविवारचा दिवस दिला, कारण त्या दिवशी सगळं बंद असतं. "सोमवारी दुपारी मी येऊन बघेन," तो म्हणाला. "पाणी आलं तर मंगळवारी फरशी फोडायला माणसं येतील." वर असंही म्हणाला की त्याला स्वतःला खाणावळ राहिलेलीच आवडेल, कारण तो रोज इथेच जेवतो. आतापर्यंत ऐकलेलं त्याचं पहिलं बरं वाक्य.

शनिवारी जावईबापू हिरव्या रंगाचं पाणी घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. डॉक्टरच्या बेसिनमध्ये ओतलं, खाली कॅमेऱ्यात हिरवं पाणी कुठून पडतंय ते बघितलं, मोजलं. केस कापणारीकडे तेच, शिंप्याकडे तेच, कचेरीत तेच, माझ्या मोरीत तेच. सगळं झाल्यावर विचारलं, "आणखी कुठे बेसिन, मोरी, काही?"

"काही नाही," मी म्हटलं. "या इमारतीतलं भोकन्‌भोक मला पाठ आहे."

हे गल्ल्यावरून उठून आले. "तो मागच्या—"

"तुम्ही गप्प बसा हो. कामाचं बोलणं चाललंय."

हे गप्प बसले. यांना गप्प बसायला फार सांगावं लागत नाही.

रविवार उजाडला. नळांच्या बाबतीत इमारतीने कमाल केली. डॉक्टरने आपल्या दवाखान्याला कुलूप लावलं आणि किल्ली आणून माझ्या हातात दिली. केस कापणारीने प्रत्येक नळाला रंगीत फडकं बांधलं, उगाच सवयीने हात जायला नको म्हणून. शिंपी जिन्यात खुर्ची टाकून बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायला. मी स्वतः, खरं सांगते, हाताला पीठ लागलं तरी बादलीत हात बुडवून ती बादली बाजूला ठेवत होते. नळाकडे ढुंकूनही बघितलं नाही. लेक आली होती, ती म्हणाली, "आई, तू ऐकतेयस!" मी म्हटलं, "जास्त बोलू नकोस."

अस्तर आत गेलं. फुगलं. गरम पाणी फिरायला लागलं, माझ्या फरशीला खालून ऊब यायला लागली. मी चपला काढून त्या उबेवर उभी राहिले. देवाला कधी काही मागत नाही मी, पण त्या दिवशी उभ्या जागी जे सुचलं ते सगळं मागितलं.

संध्याकाळपर्यंत अस्तर कडक झालं. जावईबापूंनी कापायचं यंत्र आत सोडलं. पडद्यावर बघत, शनिवारची मापं आठवत एकेक तोंड उघडलं. डॉक्टरचं. केस कापणारीचं. शिंप्याचं. कचेरीचं. शेवटी माझ्या मोरीचं. जोडीदाराने यंत्र पुसलं आणि वायर गुंडाळायला घेतली. माझा जीव भांड्यात पडला. जावईबापू कपाळ पुसत म्हणाले, "आता पाच मिनिटांत सगळ्यांना सांगतो, नळ उघडा म्हणून."

तेवढ्यात हे आतून आले. हातात रिकामं पातेलं. म्हणाले, "ते पाणी जात नाहीये."

जोडीदाराच्या हातातली वायर थांबली.

"कुठलं पाणी?" जावईबापूंनी विचारलं.

"रोजचं. ओतलं आत्ता. तसंच उभं आहे."

अहो, माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! "सगळी इमारत दिवसभर तहानलेली बसलीय आणि तुम्ही पाणी ओतलंत? सांगितलं नव्हतं, नळ उघडायचा नाही?"

"नळ कुठे उघडला?" हे शांतपणे म्हणाले. "पिंपातलं पाणी तापवलं आणि ओतलं."

जोडीदार खाली बघून हसू दाबत होता. लेकीने कपाळाला हात लावला. मी आणखी बोलणार होते, बरंच बोलणार होते, पण जावईबापूंनी हात वर केला. त्यांचा चेहरा उतरला होता. "आई, एक मिनिट. बाबा, मोरीचं तोंड तर मी आत्ताच कापलं. मोरीतलं पाणी जायलाच हवं. तुम्ही ओतलंत कुठे?"

"मागच्या बोळात. बेसिनमध्ये."

मागच्या बोळात! कोठीच्या खोलीमागे एक अंधारा बोळ आहे, मोडकी बाकडी टाकतो आम्ही तिथे. त्याच्या टोकाला एक फुटकं बेसिन आहे, त्याला नळसुद्धा नाही. ते आहे हेच मी विसरून गेले होते. आम्ही सगळे तिकडे धावलो. बेसिन काठोकाठ भरलेलं, वाफा निघतायत. आणि त्याच्या खालून जाणाऱ्या पाइपाला वरून आणखी एक जाड पाइप येऊन मिळालेला. जावईबापूंनी बॅटरीचा झोत त्या पाइपावरून वर वर नेला, पार छतापर्यंत.

"हा गच्चीचा आहे," ते म्हणाले. "गच्चीवरचं सगळं पावसाचं पाणी इथून येतं. मी कोरड्या दिवसांत बघितलं, म्हणून दिसलंच नाही. आत याचं तोंड गंजाने इतकं वेडंवाकडं झालं होतं की मी तो गंजाचा खड्डा समजलो. चूक माझी आहे."

मला समजायला क्षणभर लागला, आणि समजलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. सोमवारी व्यवस्थापक आला असता, सगळं ठीक बघून गेला असता. आणि पहिल्या मोठ्या पावसात अख्ख्या गच्चीचं पाणी या बेसिनवरून, या बोळातून, माझ्या स्वयंपाकघरात! मग गोदाम, दुसरं काय.

"चूक तुमची नाही," मी म्हटलं. "शनिवारी हे सांगत होते. मी बोलू दिलं नाही."

मग जोडीदाराने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली. कॅमेरा अस्तरातून सावकाश पुढे सरकत गेला, आणि एका जागी कापडाला थोडासा खळगा पडलेला दिसला. जावईबापू तिथे बराच वेळ बघत राहिले. मग यंत्र लावलं. आम्ही बेसिनपाशी उभे होतो, मी, लेक आणि हे. बेसिनमधलं पाणी आधी हललं, मग मधोमध गिरकी घेतली, आणि एक मोठा ढेकर देऊन सगळं खाली गेलं. लेक लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली.

जावईबापू हात पुसत बोळात आले. "बाबा, वाचवलंत हो आज. पण एक सांगा, मोरी तिथे हाताशी असताना एवढं उकळतं पातेलं घेऊन तुम्ही इतक्या लांब का येता?"

यांनी चष्मा काढला. पुसला. "तिथे जरा शांत असतं," म्हणाले.

लेक एकदम पायांकडे बघायला लागली. जावईबापूंना कॅमेऱ्याची आठवण झाली, ते गेले. मला लागलं. खोटं कशाला बोलू? चांगलंच लागलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी हा माणूस हातात वाफाळतं पातेलं घेऊन, मोडक्या बाकड्यांतून वाट काढत, नुसतं माझ्या आवाजापासून चार पावलं लांब जायला इथे येत होता. आणि मी गावभर सांगत होते की आमची मोरी बघा कशी स्वच्छ!

सोमवारी दुपारी व्यवस्थापक आला आणि मोरीच्या जाळीपाशी उभा राहिला, या वेळी रुमालाशिवाय. जावईबापूंनी वर निरोप दिला. डॉक्टर, केस कापणारी, शिंपी, कचेरीतली माणसं, सगळ्यांनी एकदम नळ सोडले. शिंपी आणि जोडीदार गच्चीवर बादल्या घेऊन गेले होते, त्यांनी तिकडून धबाधबा पाणी ओतलं. फरशीखालून आवाज येत होता, सळसळत, न अडखळता जाणारा. बाहेर माणसं जेवत होती, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी जाळीवरची नजर हलवली नाही. जाळी कोरडी होती. पाणी येत राहिलं, जात राहिलं, आणि जाळी कोरडीच राहिली.

"मोरीखाली चरबी अडवायची एक पेटी बसवतोय," जावईबापू व्यवस्थापकाला सांगत होते. "दर आठवड्याला साफ करायची. उकळतं पाणी वगैरे आता काही नको. वर्षातून एकदा मी येऊन कॅमेरा सोडेन."

"नातेवाइकांकडे?" लेकीने विचारलं.

"इथे ऐकतात," ते म्हणाले.

व्यवस्थापकाने बाहेरच्या टेबलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मालकांना सांगतो, खाणावळ राहू दे. गोदामाला दुसरी जागा बघू." आणि जाऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. मी त्याला इतकं वाढलं की तो नको नको म्हणत हात आडवे घालत होता. मग कोठीत जाऊन तोंडाला पदर लावून पोटभर रडले. गेलं नाही काही माझं. चूल जागेवर होती, लेकीचं बाकडं जागेवर होतं.

संध्याकाळी बाकडी पुसून झाली, दिवे मालवायचे राहिले होते. हे गल्ल्यापाशी घुटमळत होते. हाताला काही काम नाही, जायला काही निमित्त नाही. मी दोन खुर्च्या उचलल्या आणि बोळात नेऊन ठेवल्या. हे मागोमाग आले, दारात थांबले.

"बसा," मी म्हटलं.

बसले. मीही बसले. काही बोलायचं नाही असं ठरवून आले होते, आणि सांगते, ते फार जड जातं. कडेवर मूल घेऊन धावणं सोपं. बोळात थोडा उजेड होता. रस्त्यावरून एक गाडी गेली, कुठेतरी शटर पडलं. मला बोलायच्या निदान दहा गोष्टी आठवल्या आणि मी त्या गिळल्या.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "चुलीमागची ती फळी आहे ना, तिच्यामागे खिडकी आहे. ती उघडली तर धूर सरळ बाहेर जाईल. तुझे डोळे चुरचुरतात ते थांबेल."

इतकी वर्षं का नाही सांगितलंत, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण उत्तर मला ठाऊक होतं.

"बरं," मी म्हटलं. "आणखी?"

यांनी माझ्याकडे बघितलं, खरंच विचारतेय की काय अशा नजरेने. मग खुर्ची थोडी माझ्याकडे ओढली आणि सांगायला सुरुवात केली. कोपऱ्यातलं टेबल का डगमगतं, कोणतं गिऱ्हाईक मुद्दाम उशिरा येतं कारण त्याला घरी वाट बघणारं कुणी नाही, लेक लग्न होऊन गेली त्या दिवशी गल्ल्यावर बसवत नव्हतं म्हणून ते कुठे जाऊन बसले होते. अंधार पडला तरी सांगत होते, आणि मी मध्ये एकदाही बोलले नाही.